पाळकसाहेबांच्या इन्सुलिनबद्दल, एक तारा देणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

आमच्या मेडिकल दुकानाला ऑनलाइन एक तारा देऊन तुम्ही लिहिलेलं परवा रात्री दुकान बंद केल्यावर वाचलं. उत्तराला दोन दिवस लागले, कारण आधी जुनी बिलं काढून पाहिली आणि काउंटरवरच्या दोन्ही मुलांशी बोललो. वडिलांच्या मधुमेहाचं तुम्ही स्वतःच जाहीर लिहिलं आहे, म्हणून तेवढ्यापुरतंच बोलतो.

तुमचं म्हणणं असं: तुमचे वडील, पाळकसाहेब, मंडळीच्या (चर्चच्या) सेवेसाठी सहा आठवडे केनियाला गेले. निघताना आमच्याकडे इन्सुलिनच्या आठ बाटल्या मागितल्या, आम्ही चारच दिल्या. तिकडे किसुमूजवळच्या खेड्यात साखर उतरेना, म्हणून तिथल्या मेडिकलमधून नवी बाटली घेतली. आमच्याच सिरिंजनं नेहमीइतकं टोचलं आणि साहेब रात्रीच्या प्रार्थनेत कोसळले. 'खराब माल, चुकीच्या सिरिंज, नुसता गल्ला भरायचा धंदा' हे तुमचे शब्द.

साहेब सुखरूप घरी आले, यासाठी देवाचे आभार. ज्या माउलीनं ते गिळू शकत होते तोवर गोड चहा पाजला आणि गाडी बोलावून दवाखान्यात पोचवलं, तिचेही.

आधी सिरिंजचं बोलतो, कारण तिथे चूक माझी आहे. आपल्याकडे साध्या आणि तीस-सत्तरच्या (दोन प्रकारचं मिसळलेल्या) इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या असतात. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज, तिच्यावर यू-४० छापलेलं असतं. बाहेरच्या बहुतेक देशांत, केनियातही, बाटली १०० युनिटची असते आणि तिची सिरिंज वेगळी, नारिंगी टोपणाची. साहेब सकाळी २० युनिट घेतात. लाल सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत ओढलं की अर्धा मिलिलिटर होतो. आपल्या बाटलीतून तो अर्धा मिलिलिटर म्हणजे २० युनिट. तिकडच्या बाटलीतून तेवढाच अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० युनिट. रेघ तीच, हात तोच, औषध अडीचपट, म्हणून साखर एकदम खाली गेली. सिरिंज आपल्या बाटलीसाठी बरोबर होती, त्या बाटलीसाठी जीवघेणी.

आणि हे सांगायचं काम माझं होतं. त्या दिवशी बिल मीच केलं. साहेबांनी विचारलं होतं, "बाटली फुटली-बिटली तर तिकडे मिळेल का हो?" मी मान वर न करता म्हणालो, "इन्सुलिन कुठेही मिळतं, काळजी करू नका." पुढचं वाक्य मी बोललोच नाही. आपल्या नवापूरच्या स्टेशनावर बाकाची एक बाजू महाराष्ट्रात, दुसरी गुजरातेत. दोन्हीकडचं गिऱ्हाईक आमच्याकडे येतं आणि बाटली दोन्हीकडे चाळीसचीच. त्यामुळे हा विचार डोक्यात आला नाही. पण पस्तीस वर्षं या धंद्यात असलेल्या माणसाला ही सबब शोभत नाही. साहेबांची आणि तुमची मी मनापासून माफी मागतो.

बाटल्यांचं थोडं वेगळं आहे. चिठ्ठी वर्षभरापूर्वीची होती आणि डोस तोंडी वाढलेला, म्हणून नवी चिठ्ठी मागितली. ते मी आजही मागेन. विमानतळावर औषधं दाखवायची वेळ आली तर डॉक्टरांचं ताजं पत्र लागतं, त्यात औषधाचं मूळ नाव आणि डोस हवा. पण हिशेब साहेबांचाच बरोबर होता. दिवसाला ३२ युनिट, म्हणजे ४०० युनिटची बाटली साडेबारा दिवस. ४२ दिवसांना चार बाटल्या जेमतेम पुरतात. प्रवासाला दुप्पट न्यावं, आणि तेही हातातल्या दोन बॅगांत वाटून. मी तिथेच डॉक्टरांना फोन लावायला हवा होता. 'चिठ्ठी आणा' म्हणून मोकळा झालो.

खराब मालाचा आरोप मात्र मला मान्य नाही. त्याच बॅचच्या बाटल्या इतरांनीही नेल्या, कोणाची तक्रार नाही. तुम्हीच लिहिलंय की पिशवी दिवसभर उन्हात उभ्या गाडीत राहिली होती. बंद गाडीत इन्सुलिन टिकत नाही. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची; चालू बाटली थंड सावलीत साधारण चार आठवडे चालते. बर्फाला चिकटवूनही ठेवायची नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. म्हणूनच ते विमानात हातातल्या बॅगेत न्यायचं, खाली सामानात नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि पाड्यांवर वीज नसते, तेव्हा ओल्या वाळूत ठेवलेल्या छोट्या मडक्यात लोक बाटली सांभाळतात. कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो.

साहेबांना आणखी एक सांगा, हे त्यांच्या कामातलंच आहे. उपासना लांबली की जेवण लांबतं, आणि पाहुण्याला आधी बोलायला उभं करतात. अर्ध्या तासात ताट नक्की समोर येणार असेल तरच टोचायचं. उपवास-प्रार्थना असेल तर डोसचं निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवायचं, तिथे मनानं ठरवायचं नाही. खिशात ग्लुकोज पावडर, आणि सोबतच्या एका माणसाला ती कधी द्यायची हे माहीत असलेलं बरं.

आता आमच्याकडे इन्सुलिन नेणाऱ्या प्रत्येकाला 'परदेशी जाताय का?' असं विचारतो. हो म्हणाले तर दोन्ही टोपणं समोर ठेवून फरक दाखवतो आणि बाटली-सिरिंजचा आकडा चिठ्ठीच्या मागे लिहून देतो. साहेब पुन्हा जाणार असतील तर पंधरा दिवस आधी या. डॉक्टर म्हणाले तर इन्सुलिनचं पेन (डोसचा आकडा फिरवून टोचायचं) घेऊ, त्यात सिरिंजचा प्रश्नच येत नाही.

तारा तुम्ही बदलावा म्हणून हे लिहिलेलं नाही. पण ताई, एक काम हे वाचल्याबरोबर करा. केनियात घेतलेली ती बाटली साहेबांनी सोबत आणली असेल, तर ती आपल्या बाटल्यांशेजारी फ्रीजच्या दारातच असेल आणि जवळ लाल टोपणांचं पाकीट. ती आधी बाहेर काढा. कागदात गुंडाळून आमच्याकडे पाठवा, किंवा मुलाला पाठवून मी घेऊन जातो.