डोर्नकलचा बिशप आणि ‘साहेबाचं बाहुलं’

‘भारताचा पहिला देशी अँग्लिकन बिशप अझरिया हे इंग्रजांनी बसवलेलं बाहुलं होतं. परदेशी पैसा वाटून त्यानं तेलुगू मुलखात लोक बाटवले, विलायती चर्च उभारलं आणि ख्रिश्चनांसाठी वेगळे मतदारसंघ मागून देश फोडायला हातभार लावला.’ हा मजकूर हल्ली फार फिरतोय. दोन वाक्यांत चार आरोप. (अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं, आणि बिशप म्हणजे त्या चर्चच्या एका विभागाचा, धर्मप्रांताचा, प्रमुख.) धर्मांतराला कुणाचा विरोध असेल तर असू द्या, पण तो होऊन गेलेल्या माणसाला करावा, कल्पनेतल्या नव्हे.

आधी बाहुल्याचं बघू. वेदनायकम सॅम्युएल अझरिया १८७४ साली तिरुनेलवेलीकडच्या वेल्लालनविळै गावात जन्मले. घर नाडरांचं, म्हणजे तेव्हा खालची मानलेल्या जातीचं, वडील चर्चचे पाळक. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्यात त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. मद्रासचे बिशप व्हाइटहेड यांनी त्यांचं नाव लावून धरलं, हे खरंच. पण नाकं मुरडणाऱ्यांत गोरे मिशनरी होते आणि वरच्या जातींतून आलेले देशी ख्रिस्तीही होते. (जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळत नाही, हे अझरियांना कुणी शिकवायला नको होतं.) त्याआधी दोन वर्षं, १९१० च्या एडिंबरा परिषदेत, जगभरच्या मिशनऱ्यांसमोर उभं राहून त्यांनी सुनावलं होतं, की तुम्ही आम्हाला दान दिलंत, आमच्यासाठी देह झिजवलेत, पण बरोबरीच्या नात्यानं वागवलं नाहीत, आता आम्हाला मित्र द्या. ते ऐकून बरेच जण दुखावले. मालकाला भर सभेत असं बोलणारं बाहुलं विरळाच! १९४५ मध्ये ते वारले तोवर दुसऱ्या एकाही भारतीयाच्या हाती स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांत आला नव्हता. साहेबाला बाहुलीच हवी होती, तर बत्तीस वर्षांत आणखी दोन-चार बसवायला काय हरकत होती?

पैशाचं म्हणाल, तर परदेशी मदत येतच नव्हती असं नाही. येत होती. पण १९०३ ची तिरुनेलवेलीची मिशनरी संस्था आणि १९०५ मध्ये सेरामपूरला स्थापन झालेली राष्ट्रीय मिशनरी संस्था, या दोन्हींत अझरिया पुढे होते, आणि दोन्हींचं तत्त्व एकच: माणसं इथली, पैसा इथला, कारभारही इथला. ते स्वतः तमिळ. डोर्नकलला, निजामाच्या राज्यात, जाऊन तेलुगू शिकले. तिथे ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य माला आणि मादिगा या अस्पृश्य मानलेल्या जातींतले होते. बहुतेक वेळा वाडीच्या वाडी एकदम यायची. आल्यावर त्यांच्या हाती पैसे पडत नव्हते, उलट मंडळीसाठी, म्हणजे गावच्या चर्चसाठी, काढून ठेवावे लागत. शिवाय अझरिया प्रत्येकाला त्याच्याच डोक्यावर त्याचा हात ठेवायला लावून वदवून घेत, की मी बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती आहे, मी सुवार्ता सांगितली नाही तर माझा धिक्कार असो. म्हणजे प्रचाराचं ओझंही त्यांच्याच माथी.

हे लोक विकतच घेतलेले असणार, ही समजूत मात्र जुनी आहे. १९३५ मध्ये येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, त्यानंतर धर्मांतराचा वाद पेटला. १९३६ मध्ये गांधीजी अमेरिकन मिशनरी नेते मॉट यांना म्हणाले, की काही अस्पृश्यांची समज गाईपेक्षाही कमी आहे, कुठला धर्म बरा हे त्यांना ठरवता येणार नाही. अझरियांचा गांधीजींशी मतभेद इथेच होता. माला-मादिगांना आपलं बरंवाईट कळतं, असं ते धरून चालत. आजचा मजकूर लिहिणाऱ्याला हे पटत नाही. त्याच्या लेखी बिशप बाहुलं आणि वाडीतली माणसं माल.

विलायती चर्चबद्दल फार लिहायला नको. डोर्नकलचं कॅथेड्रल १९३९ मध्ये पुरं झालं. त्याचे घुमट मशिदीची आठवण करून देतात आणि खांब दक्षिणेतल्या देवळांची. फोटो शोधायला मिनिटभर लागतं.

राहिला मतदारसंघांचा आरोप. तो तर सरळ उलटा आहे. १९३२ च्या ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्यात देशी ख्रिश्चनांना वेगळे मतदारसंघ मिळाले, म्हणजे त्यांचे प्रतिनिधी त्यांनीच निवडायचे, आणि अझरियांनी त्यांना जाहीर विरोध केला. राजकीय जमात म्हणून वेगळं पाडलं तर चर्चचं मूळ स्वरूपच बिघडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. ते काँग्रेसवाले नव्हते, सत्याग्रहात उतरले नाहीत. त्यावरून त्यांना जाब विचारायचा तर खुशाल विचारा. पण जी मागणी त्यांच्या नावावर खपवली जातेय, तिच्याविरुद्ध ते आपल्याच समाजातल्या पुढाऱ्यांशी भांडत होते.