बुद्धी फक्त नफा-तोटा मोजते?

"आधुनिक तत्त्वज्ञानानं बुद्धीला हिशेबनीस केलं. काय हवं ते मन ठरवतं, कसं मिळवायचं तेवढं बुद्धी सांगते. प्रामाणिकपणाही शेवटी धंदाच." हा मजकूर सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतो आहे.

त्यातला एक तुकडा खरा, आणि तो स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा. बुद्धी ही भावनांची दासी, असं त्यानं १७३९ साली लिहिलं. पण ह्यूम म्हणजे आख्खं आधुनिक तत्त्वज्ञान नव्हे. १७८५ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांटनं उलट मांडलं. माणसानं सुखी व्हावं एवढंच निसर्गाला हवं असतं, तर उपजत प्रेरणेवर भागलं असतं. नुकतं जन्मलेलं वासरू आचळ शोधतं, त्याला कोणी शिकवत नाही. मग बुद्धी कशाला? फायदा नसतानाही चांगलीच राहणारी इच्छा घडवायला, हे कांटचं उत्तर.

"प्रामाणिकपणाही धंदाच" यावर कांटचाच दुकानदार घ्या, जो लहान मुलालाही त्याच भावात माल देतो. पेरणीच्या दिवसांत पोट्टं युरियाची ४५ किलोची गोणी न्यायला आलं. कृषी केंद्रवाल्यानं छापील किमतीत दिली, नको असलेली बाटली सोबत गळ्यात मारली नाही. गिऱ्हाईक तुटेल म्हणून, की फसवणं चूक म्हणून? गोण्या १० आणि रांगेत ४० माणसं असली की पहिलं कारण गळून पडतं.

"नीती तपासायची रीत बुद्धीकडे नाही" ही त्याच मजकुराची शेपटी, आणि ती साफ चूक. करायचं ते कारणासकट एका वाक्यात लिहा: "नड असली की, परत देणार नाही हे माहीत असूनही, कापसाचा चुकारा आला की देतो असं सांगून उसने घेईन." आता हाच सगळ्यांचा नियम माना. बेत चालतो का? नाही, कारण त्या शब्दावर कोणी रुपयाही काढणार नाही. इथं लोक दोनदा चुकतात. "गावाचं नुकसान होईल" म्हणतात. मुद्दा नुकसानीचा नाही, वचन ही गोष्टच उरत नाही हा आहे. किंवा नियम इतका अरुंद करतात ("मंगळवारी, मेहुण्याकडून, ५ हजारच") की काहीच मोडत नाही. ज्या कारणानं तुम्ही खरंच पैसे घेता तेवढंच नियमात लिहायचं. मंगळवारचा त्यात काय संबंध?

कांट कोरडा, या आक्षेपात मात्र दम आहे. मित्राला मारायला आलेल्याशीही खोटं बोलू नये, असं तो १७९७ मध्ये म्हणाला. ते पटत नाही. पण तिथंही त्यानं नफा-तोटा मोजलेला नाही. उलट मोजायलाच नकार दिला.