ताईंचं तिकीट आणि चोर्लीची पेन्सिल

४ जुलै २०२४ला मी आयुष्यात पहिल्यांदा पेन्सिलीने मत दिलं. इंग्लंडच्या लँकेशायरमधलं चोर्ली हे आता आमचं गाव. टेबलामागच्या बाईंनी ओळखपत्र मागितलं, मी भारतीय पासपोर्ट पुढे केला. त्यांनी फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, यादीतल्या नावावर रेघ ओढली आणि मतपत्रिका हातात ठेवली. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे रीतसर राहत असला की त्याला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. तोच पासपोर्ट घेऊन इंदूरला मत द्यायचं, तर विमानाचं तिकीट काढून रांगेत जाऊन उभं राहावं लागतं!

मतपत्रिकेवर लेबर नव्हता, कॉन्झर्व्हेटिव्ह नव्हता, लिबरल डेमोक्रॅटही नव्हता. आमचे खासदार लिंडसे हॉइल हे हाउस ऑफ कॉमन्सचे स्पीकर. स्पीकर झाला की माणूस पक्ष सोडतो आणि मोठे पक्ष त्याच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत, असा इथला रिवाज आहे.

सात आठवड्यांपूर्वीच आईचा इंदूरच्या रामबागेतून फोन आला होता. "अगं, यंदा पंजाचं बटणच नाही." इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने २९ एप्रिलला अर्ज मागे घेतला आणि तो थेट भाजपमध्ये गेला. १३ मेला मतदान झालं. भाजपचे शंकर लालवानी पावणेबारा लाखांच्या फरकाने निवडून आले आणि दुसऱ्या क्रमांकावर राहिला नोटा, म्हणजे 'यांपैकी कोणीही नाही'चं बटण, २,१८,६७४ मतं. त्यातलं एक आईचं. आई काही काँग्रेसवाली नव्हे. १९८९पासून आठही वेळा तिने ताईंना मत दिलेलं.

ताई म्हणजे सुमित्रा महाजन. जन्म चिपळूणचा, माहेरचं आडनाव साठे, लग्न होऊन इंदूरला आल्या आणि शहराच्या ताई झाल्या. हिंदी बोलणारा दुकानदारसुद्धा 'ताई'च म्हणतो. आधी उपमहापौर, मग विधानसभेला पराभव आणि १९८९ला पहिल्याच लोकसभा निवडणुकीत प्रकाशचंद्र सेठींना हरवलं. सेठी म्हणजे माजी मुख्यमंत्री, माजी केंद्रीय गृहमंत्री. त्यानंतर तीस वर्षं ही जागा हलली नाही. वाजपेयींच्या सरकारात त्या राज्यमंत्री होत्या, २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष. आमच्या घरात त्यांचं अप्रूप भाजपपेक्षा मोठं होतं. 'आपल्यातली बाई तिथे बसली' हे आजीने किती वेळा सांगितलं असेल, मोजदाद नाही.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मामा आणि माझा जुना वाद आहे. मामा म्हणतो, ताईंनी सभागृह आईच्या मायेने चालवलं. मी म्हणते, २०१५ला काँग्रेसच्या २५ खासदारांना पाच दिवसांसाठी निलंबित केलं, ते? २०१८च्या मार्चमध्ये अविश्वास ठरावाच्या नोटिसा येत राहिल्या आणि सभागृहात गोंधळ आहे म्हणून ठराव पुढे सरकलाच नाही, ते? मामाचं उत्तर ठरलेलं: "तू तिकडचं वाचून बोलतेस."

तिकडचं बघूनच माझं मत थोडं बदललंय, ते मामाला अजून पटवता आलेलं नाही. ५ एप्रिल २०१९ आठवा. लोकसभेच्या अध्यक्ष असलेल्या बाई, आठ वेळा निवडून आलेल्या, तिकिटाची वाट बघत होत्या. पक्ष काही बोलेना. शेवटी त्यांनीच पत्र काढलं, पक्षाला संकोच वाटत असेल तर मी त्याला मोकळं करते, मी लढणार नाही. ज्या खुर्चीतल्या माणसाचं पुढचं तिकीट पक्षाच्या हातात आहे, त्याच्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा करायची आणि तो दिसला नाही की दोष फक्त त्या माणसाला द्यायचा, हे मला आता अन्यायाचं वाटतं. पक्षांतरबंदी कायद्यात अध्यक्षाला पक्ष सोडायची मुभा आहे. १९६७मध्ये नीलम संजीव रेड्डींनी पक्ष सोडलाही होता. पण पक्ष सोडल्यावर पुढच्या निवडणुकीत उभं कुठून राहायचं, याची सोय आपण केलेली नाही.

इथलं सगळं गोड आहे असं नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये गाझावरच्या ठरावाच्या वेळी हॉइल यांनी रिवाज मोडून लेबरला मदत केली असा आरोप झाला आणि त्यांना सभागृहात माफी मागावी लागली. शिवाय चोर्लीकराला सरकार निवडता येत नाही. कामगार वस्तीतला पक्का लेबरवालाही लेबरला मत देऊ शकत नाही. आमचे शेजारी त्यावरून दर निवडणुकीला कुरकुरतात. पण या किमतीच्या बदल्यात त्यांना पक्षाबाहेरचा स्पीकर मिळतो. २०२४ला इंदूरकरांचीही निवड गेली आणि बदल्यात काय मिळालं? शहरातले जाणते लोक फोन करून आपण नोटा दाबणार असं सांगताहेत, हे ताईंनीच तेव्हा सांगितलं होतं, झाल्या प्रकाराचं आश्चर्यही बोलून दाखवलं होतं. मत मात्र भाजपलाच द्या, असंही त्यांनी सांगितलं. इथे ताई आणि आई पहिल्यांदा वेगळ्या झाल्या.

मतदान करून आल्यावर आईला फोन केला. "तुमच्याकडे नोटा असतं का?" नसतं. चिठ्ठीवर काहीबाही लिहून आलं तर ती बाद होते, एवढंच.

"मग तू काय केलंस?"

"हॉइल यांच्या नावापुढे फुली मारली."

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "फुली मारलीस म्हणजे नकोच ना तो?"