वर्ग नाही म्हणून आम्ही रिकाम्या?

वर्ग नाही म्हणजे काम नाही, हे कोणी ठरवलं हो? मी दिव्यांग मुलांना शिकवणारी विशेष शिक्षिका आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आतल्या गावांमध्ये फिरते. माझं एखादं पोरगं झेडपीच्या शाळेत मागच्या रांगेत बसलेलं असतं, तर एखादं घरीच बाजेवर पडून असतं. त्यांच्यापर्यंत पोचायचं, हेच माझं काम आहे.

पण ऑफिसात माणूस कमी पडला की पहिला फोन मला येतो. लाभार्थ्यांची यादी टाइप करा, आधारची दुरुस्ती पाहा, प्रशिक्षणाच्या हजेरीवर बसा, तपासणी येणार आहे तर फायली लावून ठेवा. ‘तुम्हाला वर्ग नाही ना मॅडम, तुम्ही मोकळ्याच.’ हे ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

एका पोराचं सांगते. नऊ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हातापायांवर नीट ताबा नाही. उजवी मूठ घट्ट मिटलेली, अंगठा आत दबलेला. ती मूठ जोर लावून उघडायची नसते. आधी मनगट आतल्या बाजूला वाकवायचं, अंगठा बुडाशी धरून हळूहळू बाहेर काढायचा, मग बोटं सैल पडतात. त्या हातात तुरीचे दाणे द्यायचे आणि एकेक वाटीत टाकायला लावायचं. हे रोज व्हायला पाहिजे, म्हणून आईलाही शिकवायचं. आई कापूस वेचायला जाते, मजुरी किलोवर. मी येणार म्हटलं की ती त्या दिवशी घरी थांबते, म्हणजे तिची रोजी बुडते. आणि ऐन वेळी ऑफिसचा फोन आला की मी पोचतच नाही. गेल्या हंगामात असं लागोपाठ झालं, तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, तुमी येत नसान तं आधी सांगत जा न. माही मजुरी बुडली.’ काय उत्तर देऊ तिला? साहेबांना संध्याकाळपर्यंत तक्ता पाहिजे होता, हे? मधल्या काळात पोराची मूठ पुन्हा पहिल्यासारखी आवळली होती.

लोकांना वाटतं, अशी मुलं शिकवून आम्ही थकतो, म्हणून या नोकरीत मन रमत नाही. साफ खोटं! त्या पोराच्या हातून पहिला दाणा वाटीत पडला तेव्हा आजी ओरडली, ‘अवं माय, टाकला व त्यानं!’ त्या दिवशी एसटी हुकली, फाट्यापर्यंत पायी गेले, तरी थकवा जाणवला नाही. मन मरतं ते ऑफिसच्या खुर्चीवर.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. आमच्या विदर्भातला सिकलसेलही त्यात आला, चांगलंच झालं. पण माझं शिक्षण बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवण्याचं आहे. ब्रेल शिकवणारा वेगळा असतो, खुणांची भाषा शिकवणारा वेगळा. इथे सगळी मुलं माझ्याच नावावर. शिवाय विशेष शिक्षकांना लागणारी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी टिकवायला प्रशिक्षणं करावी लागतात, त्यांची फी मी खिशातून भरते.

सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्येच केंद्र सरकारला विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं, आणि 2022 मध्ये ते ठरलं: प्राथमिकला अशा 10 मुलांमागे आणि त्यापुढे 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. मार्च 2025 मध्ये न्यायालयाने राज्यांना पुन्हा बजावलं. मधे ऑक्टोबर 2024 मध्ये आपल्या राज्य सरकारने शाळांच्या प्रत्येक केंद्रामागे एक अशी 4,860 पदं मंजूर केली. इतकी वर्षं आम्ही कंत्राटावर काढली, पुढची ऑर्डर निघते की नाही या धाकात. ते सगळं सोसलं. पण पद कागदावर आलं म्हणून त्या पदाचं काम कोणी करू देतंय का? आणि सभेत हेच लोक म्हणतात, ‘तुम्ही पुण्याचं काम करता.’ पुण्य नको मला. मला माझा गुरुवार द्या, ज्या दिवशी ती बाई मजुरी सोडून घरी थांबलेली असते.

यापुढे भेटीच्या दिवशी मला फोनवर बोलवू नका, कागदावर बोलवा. ‘आज या मुलाकडे जाऊ नये, कार्यालयात माहिती भरावी,’ असं स्पष्ट लिहा. मुलाचं नाव लिहा. खाली सही करा, शिक्का मारा. एक प्रत मला द्या आणि एक त्याच्या आईला.