तांबडा दिवा

गुहागरला आमच्या अंगणाची रचनाच अशी आहे की गाडी आत घेतल्यावर तिचे तोंड आमच्या पडवीकडे आणि पाठ शेजारच्या काकूंच्या गडग्याकडे होते. एवढ्या साध्या भूगोलापायी मी तीन रात्रींत दोन बॅटऱ्या झोपवल्या.

पहिल्या सकाळी किल्ली फिरवली तर गाडी नुसतीच 'टक्' म्हणाली. बॅटरी जुनी होती, त्यात समुद्राची खारी हवा. सगळा दोष वयाला देऊन मी शृंगारतळीहून नवी कोरी बॅटरी आणली. दुसऱ्या सकाळी तीही तितक्याच निर्विकारपणे 'टक्' म्हणाली, तेव्हा दुकानदाराविषयी मी जे काही बोललो ते येथे जाहीरपणे मागे घेतो. ती चार्ज करून आणून बसवली आणि तिसऱ्या सकाळी तेच ऐकत बसलो असता काकू गडग्यापाशी येऊन म्हणाल्या, "अरे, रात्रभर मागचा तांबडा दिवा ठेवतोस तो कशाला?"

मी शाळेत तीस वर्षे विद्युत परिपथ शिकवला आहे. ब्रेकच्या दिव्यांना किल्लीची गरज नसते, प्रत्येक दिवा २१ वॉटचा, दोन मिळून ४२ वॉट, म्हणजे १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दहा तासांत रिकामी. रात्री नऊला लावलेली गाडी सकाळी सातला 'टक्' म्हणते, हे गणित मी फळ्यावर क्षणात सोडवले असते; अंगणात त्याला तीन दिवस लागले.

मग मी स्टिअरिंगखाली डोके आणि दाराबाहेर पाय अशा अवस्थेत शोध सुरू केला. ब्रेकच्या पेडलाच्या वर, न हलणाऱ्या पट्टीवर, बोटभर लांबीचा स्विच असतो. पेडल दाबले की स्विच दाबला जातो अशी माझी ठाम समजूत असल्याने तो अडकून दाबलेलाच राहिला आहे असे ठरवून मी त्याचा नट सैल केला आणि त्याला पेडलापासून आणखी दूर नेले. दिवे अर्थातच तसेच. तेवढ्यात बंद गाडीचे पेडल चार-पाच वेळा दाबून पाहताना ते दगडासारखे घट्ट झाले आणि मी ब्रेकही मोडले असे समजून १० नंबरच्या पान्याने बॅटरीची तार काढून ठेवली व मेकॅनिकला बोलावले.

त्याने आधी पेडलाचा निकाल लावला. इंजिन बंद असताना बूस्टरमधला, म्हणजे पायाच्या दाबाला जोर देणाऱ्या डब्यातला, व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल घट्ट होते; पाय ठेवून इंजिन चालू केले की ते किंचित खाली जाते, आणि तसे गेले तर बूस्टर ठीक. घट्ट होण्याऐवजी ते स्पंजासारखे लागले असते, तर ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरल्याची काळजी करायची. तार जोडून, दुसऱ्या बॅटरीचा आधार देऊन त्याने गाडी चालू केली, पेडल खाली गेले आणि माझा जीव वर आला.

"गुरुजी, हा स्विच उलटा चालतो, फ्रिजच्या दारासारखा," तो म्हणाला. पेडल मोकळे असताना स्विचचा दांडा दाबलेला असतो आणि दिवा बंद. पाय पडला की पेडल त्याच्यापासून दूर जाते, दांडा बाहेर येतो आणि दिवा लागतो. दांडा ज्यावर टेकतो ते पेडलाच्या पट्टीतल्या भोकात बसवलेले बटणाएवढे प्लॅस्टिकचे स्टॉपर असते. वयाने ते ठिसूळ होऊन फुटले, तर दांडा सरळ भोकातून आरपार जातो, आणि मग स्विच कितीही पुढेमागे करा, त्याच्या मते चालकाचा पाय अहोरात्र ब्रेकवरच असतो.

"खाली काळा चुरा पडलेला दिसला नाही?"

दिसला होता. त्या काळ्या कणांना मी उंदराच्या लेंड्या समजून दोनदा झाडले होते आणि सीटखाली सुके खोबरे लावून पिंजराही ठेवला होता. तो पिंजरा मेकॅनिकने न बोलता माझ्या हाती दिला. नवे स्टॉपर त्याच्याजवळ नव्हते. भोकात एक आखूड बोल्ट बसवून त्याने तात्पुरती सोय केली, मी सरकवलेला स्विच जागेवर आणला आणि स्टॉपर दोन दिवसांनी आणून देतो म्हणाला. त्याची किंमत ऐकून मला नव्या बॅटरीची पावती आठवली.

त्या रात्री दिवे विझलेले पाहायला मी गडग्यापर्यंत जाऊन आलो. पलीकडून अंधारात काकूंचा आवाज आला, "आज दिवा नाही का रे लावलास? गोठ्यात जायला बरा पडत होता."