मिलिटरीची शिलाई घ्या, छापा नको

साइटवर नव्याने आलेल्या ज्युनिअर इंजिनिअर मुलीने काल विचारलं, "मॅडम, ही पँट कुठून घेतली?" तिला थोडक्यात सांगितलं, पण उत्तर मोठं आहे. तिच्यासारख्या अजून कितीतरी जणी असतील, म्हणून इथे लिहिते.

सोळा वर्षं मी बांधकामावर काम करतेय. पहिली काही वर्षं दुकानातल्या लेडीज पँटवर काढली. त्यांचा खिसा दोन बोटं जातील एवढाच. टेप, मार्कर, मोबाइल, ड्रॉइंगची घडी असं सगळं खांद्यावरच्या पिशवीत ठेवायचं, आणि ती पिशवी सांभाळत शिडी चढायची. मग एकदा ऑनलाइन 'मिलिटरी कार्गो' मागवली, १,८०० रुपयांची. आठ खिसे, वर चट्ट्यापट्ट्यांचा छापा. तिसऱ्या आठवड्यात पुण्याजवळ मोशीच्या साइटवर स्लॅबचं चेकिंग चालू होतं. सळयांखालचे कव्हर ब्लॉक बघायला उकिडवी बसले आणि आसनाची शिवण पुढून मागेपर्यंत उसवली. आजूबाजूला वीसेक माणसं, काँक्रीटच्या गाड्या प्लांटवरून निघालेल्या. रेनकोट कमरेला बांधला आणि उरलेलं चेकिंग पूर्ण केलं. रात्री घरी येऊन ती शिवण उलटून बघितली. एकच टीप, आणि आत माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, सूतभर. त्या दिवशी फार संताप आला होता, आणि अजूनही येतो. दिसायला सैनिकाचं आणि शिलाई अशी?

माझे बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. १८६९ सालचा तो कारखाना. आमचं बालपण त्याच्या भोंग्यावर गेलं. ती पँट बघून ते काहीच बोलले नाहीत, रविवारी मला खडकी बाजारातल्या एका शिंपीकाकांकडे घेऊन गेले. काकांनी आयुष्यभर जवानांचे गणवेश शिवलेत. त्यांनी माझ्या हातात एक जुनी पँट दिली आणि म्हणाले, "ताई, आतून बघा." प्रत्येक शिवणीला दोन टिपा, काठ आत दुमडलेले. खिशाच्या कोपऱ्यांवर आणि बेल्टच्या लुपांवर बारटॅक, म्हणजे एकाच जागी मारलेले दाट आडवे टाके. आसनाला त्रिकोणी तुकडा जोडलेला, म्हणजे बसताना ताण एका रेषेवर येत नाही. गुडघ्यावर दुहेरी कापड. मिलिटरीचं म्हणून जे काही घ्यायचं ते हे.

तेव्हापासून मी पँट शिवूनच घेते. कापड, शिलाई धरून साधारण १,२०० रुपयांना पडते आणि दोन वर्षं सहज जाते. कापड सुती असेल तर शिवायला टाकण्याआधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आखडतं. रिपस्टॉप मिळालं तर फारच छान. उजेडात धरलं की त्यात बारीक चौकडी दिसते. ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेला असतो आणि फाटत गेलेलं कापड त्या धाग्यापाशी थांबतं. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटसाठी ही वीण काढली. आमच्याकडे तिचा शत्रू म्हणजे बाइंडिंग वायरचं, सळया बांधायच्या तारेचं टोक. साध्या कापडात ते अडकलं की वीतभर फाडतं, माझ्या पँटीवर नखाएवढं भोक पडलं आणि तिथेच राहिलं.

मांडीवरचा खिसा जरा पुढे घ्यायला सांगा, म्हणजे गाडीवर बसताना मोबाइल मांडीखाली येत नाही. आणि खिशाला बटणच लावा. व्हेल्क्रोत सिमेंट बसलं की ते महिन्याभरात चिकटायचं बंद होतं.

रंग खाकी. १८४० च्या दशकात पेशावरकडच्या गाइड्स पलटणीने तो आणला, आणि खाक म्हणजे धूळच. काळ्या पँटीवर सकाळी दहालाच सिमेंट दिसतं.

वेल्डिंग आणि ग्राइंडरवाल्या पोरांनी मात्र जाड सुती ड्रिलच घालावं. ठिणगी पडली की सुती कापड जळतं, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. मी एका पोराच्या मांडीवर तो डाग बघितलाय. मी स्वतः जुलै-ऑगस्टमध्ये मिश्र कापड घालते, कारण तेव्हा जाड सुती पँट दोन दोन दिवस वाळत नाही.

आता छाप्याबद्दल. २०१६ च्या पठाणकोट हल्ल्यानंतर लष्कराने आवाहन केलं होतं, नागरिकांनी लढाऊ गणवेशासारखे कपडे घालू नयेत आणि दुकानदारांनी विकू नयेत. १५ जानेवारी २०२२ ला आलेल्या नव्या गणवेशाच्या डिझाइनचे हक्क तर लष्कराने नोंदवून घेतलेत. सैनिक असल्याचं भासवायला तसा पोशाख घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. तुमच्या मनात तसं काही नसेल, तरी लष्कराच्या सदर्न कमांडचं मुख्यालय असलेल्या पुण्यात राहून तो छापा कशाला? आणि कामाच्या दृष्टीनेही तो उलटाच आहे. छापा माणूस दिसू नये म्हणून असतो, आणि क्रेनवाल्याला तर आपण दिसायलाच हवं.

बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात जाऊन कॅनव्हासच्या पिशव्या, निवारी पट्टे जरूर बघा. बूट तिथून घेऊ नका. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) सोल नुसता पडून राहिला तरी आतून भुगा होतो. जंगल बूट ट्रेकला ठीक, पण त्याला पुढे बोटांवर कडक टोपी नसते. साइटवर आयएस १५२९८ (भाग २) या भारतीय मानकाचा शिक्का असलेलाच बूट हवा. त्याची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते, म्हणजे साधारण वीस किलोचं वजन एक मीटरवरून पडल्यासारखं. इथे पैसे वाचवू नका, हात जोडून सांगते.

ठेकेदार हेल्मेट देतो, जॅकेट देतो. अंगातले कपडे मात्र ज्याचे त्याने बघायचे. आमच्याकडच्या मजूर बायका लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात, बाह्या कोपराशी विरलेल्या. त्यातल्या एका मावशींनी माझा खिसा उघडून, बटण लावून बघितलं आणि म्हणाल्या, "असला शर्ट मिळंल का गं?" काकांना विचारलंय. खाकी ड्रिल, पूर्ण बाही, छातीवर झाकणाचे दोन खिसे, लुगड्यावरून घालायचा म्हणून घेर जास्त. माप मी टेपने साइटवरच घेतलं. पहिले दोन शर्ट रविवारी तयार होतील.