रंकाळ्यावरची ती संध्याकाळची ड्युटी

एका लेखात एड्स जनजागृतीचं सगळं श्रेय सरकारी मोहिमेला दिलंय, ते काय पटलं नाही बघा. नॅको, म्हणजे सरकारची एड्स नियंत्रण संस्था, १९९२ ला आली हे खरंय पण समलिंगी पुरुषांपर्यंत पोचायचं काम आधी आपल्याच माणसांनी अंगावर घेतलं, मुंबईत समलिंगी हक्कांसाठी लढणाऱ्या अशोक राव कवींनी १९९० ला बॉम्बे दोस्त हे समलिंगींसाठीचं मासिक काढलं आणि १९९४ ला हमसफर ट्रस्ट ही संस्था, तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम डोक्यावर टांगलेलंच होतं. २००१ ला लखनौत हेच काम करणाऱ्या पोरांना पोलिसांनी उचलून महिन्याच्या वर आत ठेवलं, कंडोम वाटणं हाच पुरावा म्हणे! शेजारी सांगलीत संग्राम या संस्थेनं वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच कामाच्या पुढं ठेवलं, त्यातनं आम्ही लई शिकलो.

मी कोल्हापुरात दोन वर्षं हे काम केलंय, संध्याकाळी रंकाळ्यावर नाहीतर एसटी स्टँडच्या मागं, खिशात कंडोम आणि मनात भीती की गल्लीतलं कोण बघतंय काय. भाषण कोण ऐकतंय लगा, चहा पाजायचा, मग तासाभरानं माणूस हळूच विचारणार, 'रिपोर्ट घरी जाईल काय?' खोबरेल तेलानं कंडोम फाटतो हे तर निम्म्यांना माहीतच नसायचं, आणि ते पोस्टरवर कोण लिहिणार? एकाला टेस्टला नेलं तर दवाखान्यात खिडकीवरनंच ओरडून विचारलं कशाला आलाय म्हणून, तो जो पळाला तो सहा महिन्यांनी परत आला, तेही मी सोबत बसतो म्हटल्यावर.